मधमाश्या आणि जनावरांसाठी छोटी जमीन घेताय? हिरवळीला भुलू नका, कोरड्या महिन्यात जाऊन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दोघं नवराबायको मिळून छोटी जमीन घ्यायची, तिथे दहा-बारा मधपेट्या, पाच-सहा शेळ्या आणि जमलं तर एखादी गाय ठेवायची, आणि त्यासाठी दोन जागा बघून ठेवल्यात. पहिली पाच एकर, सपाट, विहीर आहे, चारी बाजूंनी लांबपर्यंत मका. दुसरी तीन एकर, उताराची, अर्धी झुडपांनी भरलेली, शेजारी रानझाडं, आणि पाण्याला एक झरा. मन पहिल्या जागेकडे ओढतंय कारण ती सपाट आहे आणि हिरवीगार दिसते. बरीच वर्षं माश्याही सांभाळतोय आणि जनावरंही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण या दोन गोष्टी एकाच जमिनीवर ठेवायच्या म्हटल्या की जमीन बघायची पद्धतच बदलते आणि हे जमीन विकणारा कधीच सांगणार नाही.

मुळात जनावर तुमच्या कुंपणाच्या आत जगतं आणि मधमाशी कुंपणाच्या बाहेर. मधमाशी साधारण तीन किलोमीटरपर्यंत आरामात जाते, गरज पडली तर त्याहूनही लांब. आता तीन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ते 28 चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे जवळजवळ 7000 एकर. त्यात तुमचे तीन काय आणि पाच काय! म्हणजे माश्यांसाठी तुम्ही जमीन विकत घेतच नाहीये, तुम्ही शेजार विकत घेताय. आणि जनावरांसाठी बरोबर उलटं, शेजाऱ्याकडे कितीही गवत असू दे, तुमची शेळी तुमच्याच बांधाच्या आतलं खाणार, बाकीचं विकत आणावं लागणार. म्हणून प्रत्येक जागेचा हिशोब दोनदा करायचा, एकदा आतला आणि एकदा बाहेरचा, आणि दोन्ही हिशोब वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरून करायचे. चांगल्या महिन्यात कुठलीही जमीन चांगलीच दिसते हो.

आता तो मका. मक्याचं परागण वाऱ्याने होतं. माश्या त्यावरून पराग आणतात पण मकरंद एक थेंब मिळत नाही, आणि तो परागही काही फार कसदार नसतो. भात, गहू, बाकीची गवतं, सगळ्यांचं हेच. म्हणजे माणसाला जे हिरवंगार दिसतं ते माशीला वाळवंट असू शकतं. सूर्यफूल किंवा मोहरीचं शेत असेल तर दोन-तीन आठवडे चंगळ आणि मग एकदम शुकशुकाट. ते एकपिकी शेत असलं की फवारणीही एकदम सगळीकडे एकाच वेळी होते, तेव्हा माशीला पळायला दुसरीकडे जागा नसते. बियाण्यालाच औषध लावून पेरायची पद्धत असेल तर फवारणी दिसतही नाही. युरोपियन युनियनने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम ही तीन निओनिकोटिनॉइड औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली ती उगीच नाही. तुम्ही जिथे घेताय तिथे नियम काय आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारचा शेतकरी कुठलं औषध कधी मारतो, हे त्याच्याशी बसून बोलून घ्या. तो संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर फवारायला तयार असेल आणि आदल्या दिवशी एक फोन करणार असेल तर तो माणूस विहिरीइतकाच मोलाचा आहे.

एक वसाहत वर्षभरात स्वतःच 60 किलोच्या पुढे मध खाते (युरोपियन माशी, म्हणजे मेलिफेरा, तिचं सांगतोय, आपल्या देशी सातेरी माशीची वसाहत लहान असते) आणि वर पराग लागतो तो वेगळा, पिलाव्याला, म्हणजे पेटीत वाढणाऱ्या अंडी-अळ्यांना, प्रोटीन त्यातूनच मिळतं. हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते, अंड्यातून तयार व्हायलाच तिला 21 दिवस लागतात. त्यामुळे महिना-दीड महिना पराग मिळाला नाही तर आज पेटी भरलेली दिसली तरी पुढच्या महिन्यात ती रिकामी होणार, कारण मरणाऱ्यांच्या जागी नव्या येतच नाहीयेत. सातेरी तर इतकी वाटही बघत नाही, खायला कमी पडलं किंवा मेणपतंग लागला की सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. म्हणून मी जागा बघायला जातो तेव्हा ‘इथे कुठल्या महिन्यात फुलं असतात’ हे विचारतच नाही, ‘इथे कुठल्या महिन्यात काहीच नसतं’ हे विचारतो. गावातला कुणी माश्या ठेवणारा असेल तर तो हे झोपेत सांगेल. नसेल तर स्वतः त्या वर्तुळात हिंडा, ओढ्याकाठची झाडं, बांधावरची झुडपं, पडीक जमीन, जुन्या बागा हे बघा. माश्या मुख्यतः झाडांवर जगतात हे लोक विसरतात, फुलझाडांच्या वाफ्यावर नाही. एक मोठं फुलणारं झाड म्हणजे उभं केलेलं शेतच.

पाण्याचं बघू. तुम्ही म्हणता विहीर आहे म्हणून पहिली जागा, पण विहीर आहे म्हणजे पाणी आहे असं नाही. कोरड्या महिन्यात जाऊन पंप चालू करा, घड्याळ लावा, किती वेळात उपसा होतो आणि मग पाणी परत वर यायला किती वेळ लागतो ते बघा, मालक कटकट करेल, करू दे. झऱ्याला तर बादलीच पुरे. 10 लिटरची बादली एका मिनिटात भरली तर दिवसाला 14,400 लिटर. दहा मिनिटं लागली तरी 1,440 लिटर होतात, आणि लोक असल्या झऱ्याला हसतात पण जनावरांच्या प्यायला ते भरपूर आहे! दूध देणारी गाय दिवसाला 60 ते 100 लिटर पिते, शेळी पाच-आठ लिटर, म्हणजे एक गाय आणि सहा शेळ्या मिळून दीडशे लिटरच्या आत. फक्त खाली टाकी बांधून पाणी साठवायचं. हां, पण हेच पाणी चाऱ्याला द्यायचं म्हटलं तर गणित कोसळतं. एका एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 4,000 लिटर होतं, आणि उन्हात चाऱ्याचं पीक दिवसाला 5 मिलिमीटर सहज उडवतं, म्हणजे एकरी 20,000 लिटर. त्यामुळे ‘पिण्याचं पाणी’ आणि ‘ओलिताचं पाणी’ हे डोक्यात वेगवेगळे ठेवा. पाणी लॅबला पाठवायला विसरू नका, नायट्रेट, क्षार आणि जिवाणू एवढं तरी तपासा, सघन शेतीच्या मधोमध असलेल्या विहिरीत नायट्रेट निघणं नवीन नाही.

माश्यांनाही पाणी लागतं बरं का. उन्हाळ्यात मोठी वसाहत दिवसाला लिटरभर पाणी आणते, पेटीतला पिलावा 34-35 अंशावर ठेवायचा तर त्या पाण्याचे थेंब पसरून पंखाने वारा घालतात. तुम्ही त्यांना जवळ पाणी ठेवलं नाही तर त्या गुरांच्या हौदावर जाणार, आणि एकदा जागा पक्की झाली की सवय मोडत नाही. मग गाय तोंड घालते, ओठाला डसतात, गाय पाणी प्यायला बिचकते, दूध कमी होतं आणि तुम्ही डॉक्टरला बोलावता. म्हणून पेट्या आणायच्या आदल्या दिवशीच, पेट्यांपासून थोड्या अंतरावर, उथळ भांड्यात दगड-गोटे टाकून पाणी भरून ठेवा आणि ते कधीही आटू देऊ नका. एक दिवस आटलं की संपलं.

आता आतला हिशोब. 40 किलोची शेळी दिवसाला साधारण दीड किलोच्या थोडं वर कोरडा चारा खाते (म्हणजे पाणी सोडून उरलेलं वजन), हिरव्यात तेच सात किलोच्या आसपास. 400 किलोची गाय 12 किलो कोरडं, हिरवं 50 किलो. म्हणजे एक गाय म्हणजे सात शेळ्या. लोक सहा शेळ्या ठरवतात आणि मग ‘एक गायपण घेऊ, एकच तर आहे’ म्हणतात, तेव्हा ते खरं म्हणजे कळप दुप्पट करत असतात. चार महिने काही उगवत नाही असं धरलं तर सहा शेळ्यांना सव्वा ते दीड टन वाळलेली वैरण साठवून ठेवावी लागेल आणि एका गायीलाही जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्त. ती ठेवायला कोरडी जागा लागते. भिजलेली, बुरशी आलेली वैरण ही वैरण नव्हे.

खरी गंमत पुढे आहे आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चारा आणि मध एकाच झाडावर भांडतात. लसूणघास घ्या. चाऱ्यासाठी तो कापायची उत्तम वेळ म्हणजे साधारण दहा टक्के फूल आलेलं असताना, कारण त्यानंतर देठ कडक होतो आणि प्रोटीन उतरतं. माशीला नेमकं त्याच्या पुढचं हवं असतं. म्हणजे चांगला पशुपालक चांगल्या मधपाळाच्या पोटावर पाय देतो, आणि इथे दोन्ही तुम्हीच! मी करतो ते असं, की एकदम सगळं कापतच नाही, पट्टे पाडतो, एक पट्टा वेळेवर कापतो, एक फुलू देतो, पुढच्या खेपेला अदलाबदल. फुललेल्या पट्ट्याचा चारा थोडा हलका होतो, तो दूध न देणाऱ्या, गाभण नसलेल्या जनावरांना घालतो. पांढरं क्लोव्हर (लसूणघासासारखंच एक द्विदल चाऱ्याचं रोप) असेल तर प्रश्न बराच सुटतो, ते बुटकं असतं, जनावर वरून चरून गेलं तरी पुन्हा फुलतं, फक्त थंडीत मकरंद देत नाही. लाल क्लोव्हर चाऱ्याला झकास पण त्याच्या फुलाची नळी लांब, माशीची जीभ पोचायला त्रास होतो.

अजून एक, ही द्विदल वैरण ओली असताना, सकाळी दवात, उपाशी जनावराला त्यात सोडलं की पोटफुगी होते आणि गाय तासा-दोन तासात हातची जाते. आधी कोरडी वैरण पोटात घाला, दव उडू द्या, मग सोडा, आणि पहिले काही दिवस थोडा-थोडा वेळच.

झाडांच्या बाबतीत मात्र भांडण नाही, तिथे दोघांचं जमतं. गरम हवामानात शेवगा आणि गिरिपुष्प, थंड भागात विलो, ही अशी झाडं आहेत की फुलं माशीला आणि पाला शेळीला. विलोचा पराग तर वसंताच्या अगदी सुरुवातीला येतो, वसाहतीला सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा. छाटणी फुलोरा संपल्यावर करायची एवढंच सांभाळायचं. सुबाभूळही लावतात, पण त्यात मिमोसिन असतं, घोड्याला तर नकोच आणि शेळीलाही नुसतंच तेच तेच घालायचं नाही. जमिनीचे कागद झाले की पहिल्या हंगामात आधी झाडं लावा, घर नंतर रंगवा.

झुडपांच्या जागेत जाल तेव्हा काय काय उगवलंय ते डोळे उघडे ठेवून बघा. घाणेरी असेल तर तिच्या फुलांवर फुलपाखरं बागडतात म्हणून खूश होऊ नका, पानं खाल्ली तर जनावराचं यकृत जातं आणि उन्हात कातडी सोलून निघते. कण्हेर तर थोडीशी पानंही गायीला मारायला पुरतात, कुंपणाला लावलेली असेल तर आधी ती काढा, आणि छाटलेल्या वाळक्या फांद्याही जनावराच्या वाटेत टाकू नका, वाळल्यावरही विष जात नाही. कोवळी ज्वारी, किंवा पाण्याचा ताण पडून खुरटलेली, तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल असतं, किराळ लागते म्हणतात ते हेच. वाळवली किंवा मुरघास केला तर ते बरंच कमी होतं. पण दुष्काळातल्या चाऱ्यात नायट्रेट साठलेलं असेल तर ते नुसतं वाळवून जात नाही, हा फरक लक्षात ठेवा.

जमिनीचा इतिहास विचारायचा राहतो नेहमी. काळपुळीचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात, त्यामुळे ‘इथे कधी अचानक जनावरं मेली होती का, कुठे पुरली’ हे विकणाऱ्याला नाही, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. जुना गोचीड-हौद असेल, म्हणजे जनावरांना औषधात बुडवून काढायचा, तर त्याच्या आसपासची माती तपासून घ्या, जुन्या काळी त्यात आर्सेनिक आणि नंतर डीडीटी वापरलं जायचं आणि ते मातीत राहतं. माश्यांचंही असंच आहे, जमिनीबरोबर जुन्या मधपेट्या फुकट देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. अमेरिकन फाउलब्रूड नावाचा पिलाव्याचा रोग आहे, त्याचे बीजाणू जुन्या चौकटी-पेट्यांत 40 वर्षांनीही रोग लावू शकतात. नव्या पेट्या घ्या आणि सगळ्या एकाच मापाच्या घ्या. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन मधपाळाने 1851 मध्ये चौकटींमधलं अंतर 6 ते 9 मिलिमीटरच्या आसपास ठेवलं की माश्या ते मेणाने भरत नाहीत हे ओळखून पेटी केली, ते माप सांभाळलं नाही तर चौकट उचलताना सगळं चिकटून येतं आणि माश्या चिरडतात.

जंत. यावर जरा थांबतो कारण छोट्या जमिनीवर शेळ्या मरतात त्या लांडग्याने नाही, जंतांनी. हिमोंकस नावाचा जंत चौथ्या पोटात बसून रक्त पितो. लेंडीतून अंडी पडतात, उबदार-ओल्या हवेत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि गवताच्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये चढून बसतात. म्हणजे शेळीने गवत जितकं मुळापर्यंत कातरलं तितके जंत जास्त पोटात. जमीन छोटी, शेळ्या जास्त, रोज तीच जागा, झालं, हा जंतांचा कारखाना तुम्हीच चालवताय. उपाय सोपे आहेत पण शिस्त लागते. तुकडे पाडा, एका तुकड्यात तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नका, परत तिथे दीड-दोन महिन्यांनीच या, गवत विताच्या खाली गेलं की हलवा. झुडपं असतील तर उत्तमच, शेळी मुळात झुडूप ओरबाडणारं जनावर आहे आणि उंचावरच्या पाल्यावर अळ्या नसतात, तुमच्या दुसऱ्या जागेतली झुडपं म्हणूनच मला आवडली. गायीचे आणि शेळीचे जंत बहुतेक वेगवेगळे असतात, म्हणून शेळ्यांमागून गाय फिरवली तर ती शेळ्यांचे जंत खाऊन संपवते.

औषध मात्र सगळ्या कळपाला ठरावीक तारखेला पाजायची सवय लावू नका, त्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात. खालची पापणी उलटून आतला रंग बघायचा, लालबुंद असेल तर सोडा, फिकट पांढरट झाली असेल तिलाच पाजा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचा रंगांचा तक्ता केलाय, तो हातात धरून एका दिवसात शिकता येतं. गोचीड-माशी मारायची औषधं जनावरावर मारताना मात्र पेट्या डोक्यात ठेवा, त्यातली बरीच पायरेथ्रॉइड असतात आणि मधमाशीला ती विषच. संध्याकाळी, वारा नसताना, हौदापासून लांब.

मेंढ्या घ्यायचा विचार आला तर खनिज मिश्रण वेगळं ठेवा, शेळीला लागतं तेवढं तांबं मेंढीला विषारी ठरतं. आणि धान्याच्या खोलीला कडी नाही, कुलूप. एक रात्र शेळी पोत्यावर सुटली तर सकाळपर्यंत पोटात आम्ल होऊन आडवी. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन जनावर अचानक मरतं तो रोग) लसही वेळेवर.

पेट्या कुठे ठेवायच्या? बांधलेल्या जनावराच्या जवळ कधीच नाही, हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल. मोकळं जनावर डसल्यावर पळतं, दावणीचं पळू शकत नाही, आणि एका डंखातून जो वास सुटतो (पिकल्या केळ्यासारखा येतो, ओळखा) त्याने बाकीच्या माश्या तिथेच चालून येतात. घोडा असेल तर अजून लांब, त्याच्या घामाने माश्या चवताळतात. मोकळ्या जनावरांसाठीही पेट्यांभोवती भक्कम कुंपण हवंच, अंग खाजवायला गायीला मधपेटीसारखी जागा दुसरी वाटत नाही. पेटीच्या तोंडासमोर पाच-सहा फुटांवर उंच झुडूप किंवा जाळी असली की माश्या वर उडून जातात, माणसांच्या डोक्यावरून. खोलगट, दमट जागी ठेवू नका, सकाळचं ऊन यावं, मागून वारा अडावा, आणि गाडी पेटीपर्यंत जावी, कारण मधाने भरलेली पेटी 25-30 किलोची होते आणि उतारावरून ती हातात घेऊन यायची हौस एकाच वर्षात फिटते. स्मोकर, म्हणजे माश्या शांत करायचा धुराचा डबा, पेटवायचा तो वैरणीच्या गंजीपासून लांब.

शेळ्यांच्या कुंपणाला जाळी घेताना भोक 10 सेंटिमीटरचं घ्या, त्याहून मोठ्यात शिंगवाली डोकं घालते आणि मग काढता येत नाही, कुत्रं आलं तर संपलंच. भटकी कुत्री किती आहेत हे रात्री एकदा तिथे जाऊन ऐका.

कागदांचं एवढंच सांगतो: मालकी, रस्त्याचा हक्क, पाण्याचा हक्क, मोजणी, आणि तिथे जनावरं आणि मधपेट्या ठेवायला परवानगी किंवा नोंदणी लागते का, हे सगळं पैसे द्यायच्या आधी लेखी. ‘रस्ता आहेच की, सगळे जातात’ याला काही अर्थ नाही. आणि सगळे पैसे जमिनीतच घालू नका, कुंपण, टाकी, निवारा, वैरण आणि डॉक्टर यांना बाजूला काढून जे उरेल तेवढ्यातच जमीन बघा, मग ती एक एकर कमी झाली तरी चालेल.

सुरुवात दहा-बारा पेट्यांनी नको. दोन किंवा तीन. एक मात्र घेऊ नका, कारण एकच असली की तिची तब्येत कशाशी ताडून बघणार, आणि राणी मेली तर दुसऱ्या पेटीतली कोवळ्या अंड्यांची चौकट देऊन नवी राणी करवून घेता येते, एकटी असेल तर ती बुडाली. वसाहत फुटायच्या हंगामात दर सात दिवसांनी पेटी उघडून बघावी लागते, कारण राणीचं घर आठव्या दिवसाच्या सुमाराला बंद होतं आणि ते बंद झालं की जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघायच्या बेतात असते. मेलिफेरा असेल तर व्हरोआ कोळी (माशीच्या अंगाला चिकटून जगणारा बारीक परजीवी) मोजायला शिका, अर्धा कप म्हणजे साधारण 300 माश्या पिठीसाखरेत घोळून हलवायच्या, शंभरामागे तीन कोळी निघाले की उपचार. तो मधाचा हंगाम आटपल्यावर करा, जास्त उशीरही नको. पहिल्या वर्षी मध मिळेल असं धरू नका. मिळालाच तर घरं मेणाने बंद झालेल्या चौकटीच काढा, उघड्या मधात पाणी जास्त असतं, 20 टक्क्यांच्या वर गेलं की आंबतो. बाकी माश्या आधी आणि जनावरं नंतर हा क्रम बरा, पेटीला रोज तुम्ही लागत नाही, शेळीला दिवसातून दोनदा लागता, लग्न असो, ताप असो. तुम्ही दोघं एकाच वेळी कुठे जाणार असाल तर मागे कोण बघेल हे शेळी आणायच्या आधी ठरलेलं पाहिजे. शेळी पण एकटी आणू नका, ती कळपाचं जनावर आहे, ओरडून ओरडून जीव काढेल. बाहेरून आणलेलं जनावर तीन-चार आठवडे वेगळं ठेवा, रक्त तपासा, गायीत ब्रुसेल्ला आणि क्षय तरी नक्की, ते दुधातून तुम्हालाच होतात.

मग दोन्हीपैकी कुठली? तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून मी दुसरी घेईन. मक्याच्या मधोमध दोन पेट्यासुद्धा साखरेच्या पाण्यावर जगवाव्या लागतील, पहिली जागा गायींची आहे, माश्यांची नाही. तुमचा खरा जीव दुधात असेल आणि पेट्या हौसेला, तर पहिली घ्या, माझी काही हरकत नाही, पण मग पेट्या दुसरीकडे कुणाच्या तरी बागेत ठेवायची सोय बघा. दुसऱ्या जागेत शेळ्या चार ठेवा, सहा नको, गाय पहिली दोन वर्षं तरी नको. झरा कोरड्या महिन्यात मोजा, झुडपांत घाणेरी किती आणि चांगला पाला किती ते बघा, उतारावर टाकी कुठे बसेल ते बघा, आणि गाडी वरपर्यंत पावसात जाते का तेही.

आणि व्यवहार करायच्या आधी दोघांनीही कुणा मधपाळाकडे जाऊन एखादा दिवस पेट्या उघडताना उभं राहा. डंख बसेलच. तिथे सुजणं, दुखणं, दोन दिवस खाजणं हे नॉर्मल आहे. पण डंख हाताला आणि गांधी अंगभर, श्वास लागला, चक्कर आली तर ती अ‍ॅलर्जी, लगेच दवाखाना. नंतर डॉक्टरांशी बोलून अ‍ॅड्रिनालिनचं इंजेक्शन कायम जवळ बाळगायचं की माश्यांचा नादच सोडायचा हे ठरवा. आधी कधी असा त्रास झालेला असेल तर मधपाळाकडे जायच्या आधीच डॉक्टरांना गाठा. हे जमीन घेतल्यावर कळलं तर तुमच्या दोन जागांमधली निवडच चुकलेली असेल, कारण मग तुम्हाला पहिलीच हवी होती.